खरवडलेलं नाव

ताकेहारात कुणाच्या घरी आजोबांच्या पेटीत जुनी तलवार सापडली, की ती आधी कुसाका तात्सुओ यांच्याकडे जायची आणि पाठोपाठ त्या घरातल्या बाईला बोलणी बसायची. कारण ठरलेलं असायचं. बाईने मूठ काढून आतलं लोखंड सँडपेपरने घासून लख्ख केलेलं असायचं. "चार माणसांत दाखवायची, म्हणून स्वच्छ केली हो," ती म्हणायची आणि कुसाका कपाळाला हात लावायचे. "बाई, मुठीतल्या लोखंडावरचा गंज हा तिचा जन्माचा दाखला असतो. तुम्ही दाखला धुऊन वाळत घातलात." गावात अजून तीन-चार म्हाताऱ्या अशा आहेत, की कुसाकांच्या दारावरून जायची वेळ आली तर पलीकडच्या गल्लीतून जातात.

माणूस तसा वाईट नव्हता, जिभेने तिखट होता एवढंच. बाप दारोदार फिरून सुऱ्या आणि विळ्यांना धार लावायचा. पोरगा सोळाव्या वर्षी ओकायामाला तलवारी घासून पारखणाऱ्या एका नावाजलेल्या कारागिराकडे गेला आणि दहा वर्षं तिथे राहिला. पहिली तीन वर्षं नुसतं पाणी भरलं आणि उकिडवं बसायला शिकला. पण डोळा असा तयार झाला, की पातं म्यानातून चार बोटं बाहेर आलं, की ते कुठल्या मुलखाचं हे सांगायचा. तिथेच गुरूंनी त्याच्या मनावर एक गोष्ट ठोकून बसवली होती. तलवार बघताना कान बंद ठेवायचे. प्रत्येक घरात तलवारीची एक गोष्ट असते आणि प्रत्येक गोष्टीत एक सरदार असतो. कुसाका पुढे सगळ्यांना सांगायचे, "लोक सांगतात ते सगळं खरं धरलं, तर आपल्या सरदारांनी लढाया केल्याच नाहीत. जन्मभर तलवारी वाटत बसले होते."

ताकेहाराच्या एका जुन्या दारूभट्टीच्या माडीवर महिन्याच्या पहिल्या रविवारी तलवारीचे शौकीन जमायचे. पाच पाती मांडलेली असायची आणि मुठीतला भाग कापडाने गुंडाळलेला. नुसतं पातं बघायचं, लोहाराचं नाव चिठ्ठीवर लिहायचं आणि पंचाकडे द्यायचं. पंच चिठ्ठी वाचून एका शब्दात निकाल द्यायचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कुसाका तिथे पंच झाले. साठी उलटलेले सावकार आणि डॉक्टर त्यांच्यासमोर चिठ्ठी धरून शाळेतल्या पोरांसारखे उभे राहायचे आणि कुसाकांना ते आवडायचं. आवडायचं कशाला नाही?

पुढच्याच वर्षी घात झाला. एका तलवारीवरचं नाव त्यांनी खरं म्हणून सांगितलं आणि हिरोशिमाहून आलेल्या दोन जाणकारांनी सगळ्यांसमोर भिंग लावून ते खोटं ठरवलं. कुणी मोठ्याने हसलं नाही. पण भट्टीच्या मालकाने चहा देताना, "होतं असं कधीकधी, गुरुजी," असं म्हटलं आणि तो चहा कुसाकांना आठवडाभर घशाशी आला. तेव्हापासून तलवारीवर नाव दिसलं, की त्यांचा डोळा आधी खोट शोधायला लागायचा.

त्या चहाला वर्ष व्हायच्या आत समोरच्या बेटावरून ओगिनो इसाबुरो आले. संत्र्यांच्या बागा करणारा माणूस, पन्नाशीच्या आतबाहेर, अंगात सणाचा काळा कोट आणि हातात रेशमी पिशवी. पिशवीत साध्या लाकडी म्यानातली एक आखूड तलवार होती. कुसाकांनी ती दोन्ही हातांनी कपाळापर्यंत उचलून नमस्कार केला आणि म्यान बाजूला ठेवलं.

"ही आमच्या होडीवाल्या पूर्वजांची," इसाबुरो सांगू लागले. "त्याचं असं झालं गुरुजी, नोबुहिसा लोहार त्यांच्या होडीतून…"

"थांबा ओगिनोसान. आधी तिला बोलू द्या, मग तुम्ही."

इसाबुरो थांबले. ते 'मग' पुढे कधी आलंच नाही.

कुसाका पातं घेऊन खिडकीशी गेले. लांबी जेमतेम हातभर आणि वर दोन बोटं. बाक अगदी थोडा. पोलाद बारीक कणांचं, चिरलेल्या नासपतीच्या गरासारखं ओलसर दिसणारं. धारेलगत दिलेल्या पाण्याची पांढुरकी रेघ संथ लाटांनी टोकापर्यंत गेलेली, कुठे तुटलेली नाही. मग त्यांनी मूठ उतरवली. आतल्या लोखंडावरचा गंज काळा, दाट, जुन्या तव्याच्या पाठीसारखा. भोक एकच, म्हणजे तलवार कधी आखूड केलेली नाही. कानशीच्या खुणा उजवीकडे उतरत्या, या किनाऱ्यावरच्या लोहारांच्या रिवाजाप्रमाणे.

"कान्एई काळ, शेवटची वर्षं," ते म्हणाले. "तीनशे तीस वर्षं झाली. आणि हात नोबुहिसाच्याच घराण्यातला."

इसाबुरोंचा चेहरा फुलला. "मी तेच म्हणतोय."

मग कुसाकांनी भिंग घेतलं आणि मुठीतल्या भागावर कोरलेलं नाव बघितलं. छिन्नी लोखंडात शिरते तेव्हा एका बाजूची कड किंचित वर उचलली जाते. कोरणाऱ्याची हातोडी कुठल्या हातात होती, ते त्या कडेवरून समजतं. नोबुहिसाची डझनभर नावं त्यांनी पाहिली होती आणि सगळ्यांची कड एकाच बाजूला. हिची नेमकी उलट. शिवाय अक्षरं थरथरलेली, एक रेघ दोनदा मारलेली.

ते बराच वेळ बघत राहिले. नावाच्या खाचांच्या आतही गंज तितकाच जुना होता, हे त्यांना दिसलं होतं. नंतर कुणी नाव घातलं असतं, तर खाचेतला गंज कोवळा, तांबूस असायला हवा होता. हे कुसाकांना माहीत नव्हतं असं नाही. तेच तर ते सगळ्या गावाला शिकवत होते. पण त्यांनी मनाशी म्हटलं, खोटी नावं घालणारे तीनशे वर्षांपूर्वीही होतेच की. आणि भट्टीची माडी त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

"पातं खरं आहे. नाव खोटं," ते म्हणाले.

"म्हणजे आमचे पूर्वज थापा मारत होते?"

"तसं कुठे म्हणतोय मी? त्यांना कुणीतरी फसवलं असेल."

"होडीवाल्याला फसवून काय मिळणार, गुरुजी? वल्ही?"

कुसाका हसले नाहीत. तोक्योची समिती खोटं नाव असलेल्या तलवारीला दाखला देत नाही, नाव काढून टाकलं तर बिननावाची म्हणून मानाचा दाखला मिळेल, सगळे तसंच करतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. ते खरंही होतं. आणि शेवटी ते एक वाक्य बोलून गेले, जे त्यांना पुढे फार महाग पडलं. "ओगिनोसान, घरात खोटं कशाला ठेवायचं?"

पाच दिवसांनी इसाबुरो परत आले. या वेळी साध्या कपड्यांत, हातात संत्र्यांची पाटी. "काढा," एवढंच म्हणाले. कुसाकांनी नेहमीच्या पद्धतीने आधी मुठीतल्या भागावर पातळ कागद ठेवून शाईची वडी फिरवली आणि नावाचा ठसा आपल्या वहीत घेतला. शेजारी लाल शाईने लिहिलं, 'नाव खोटं'. मग बारीक कानस घेतली. अर्ध्या तासाचं काम. इसाबुरो गुडघ्यांवर हात ठेवून समोर बसले होते आणि शेवटपर्यंत बघत होते.

दाखला आला. 'बिननावाची, ताकेहारा किनारा.' कुसाका पुढे कित्येक वर्षं ही हकिकत माडीवर नव्या मंडळींना सांगायचे. सुंदर पात्यावर भुलून नावाला मान डोलवू नका, असा तिचा धडा.

एकतीस वर्षं गेली. कुसाका एकोणसत्तर वर्षांचे झाले. त्या वर्षी उन्हाळ्यात आणखी एका बेटावरच्या छोट्या देवळातून बोलावणं आलं. छप्पर दुरुस्त करताना आढ्याजवळ एक बंद पेटी निघाली होती आणि आत देवाला वाहिलेली एक आखूड तलवार होती. पुजाऱ्याने विचारलं, "घासून घ्यायची का, गुरुजी?" कुसाकांनी सवयीने मूठ उतरवली.

मुठीतल्या भागावर दोन ओळी होत्या. अक्षरं थरथरलेली, छिन्नीची कड उलट्या बाजूची. 'नोबुहिसा. वय त्रेपन्न. उजवा हात मोडल्यामुळे डाव्या हाताने हे नाव कोरलं. देवाने सांभाळून घ्यावं.' आणि तारीख, कान्एईचं विसावं वर्ष.

पातं घडवायला लोहाराकडे शिष्य असतात, घण ते मारतात. पण नाव स्वतःच्याच हाताने कोरायचं असतं. एवढी साधी गोष्ट. एखाद्या लोहाराचा हात मोडू शकतो, हे कुसाकांच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी जुनी वही काढली. ठसा स्वच्छ होता. तीच थरथर, तीच दोनदा मारलेली रेघ. शेजारची लाल अक्षरं मात्र अगदी ठाम, वळणदार, अडतीस वर्षांच्या माणसाची. त्यांना स्वतःच्या त्या अक्षराचा इतका राग आला, की वही त्यांनी भिंतीवर फेकली आणि मग उठून, धूळ झटकून परत आणली. दुसरं काय करणार होते?

दोन महिने ते वही उघडायचे आणि मिटायचे. बायको हारुए शेवटी वैतागली. "अहो, भात गार होतोय. तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं आता बघून बदलणार आहे का?"

त्यांनी तिला सगळं सांगितलं. हारुएने वाटी खाली ठेवली. "तो माणूस आहे का अजून?"

"अकरा वर्षांपूर्वी गेला. मी फोन करून विचारलं. बायको आहे, एकटी राहते."

"मग कशाला उकरून काढताय? ज्याला सांगायचं तो नाही. तलवार कपाटात पडली असेल. माडीवर कळलं तर तुमचीच छी थू होईल."

"होऊ दे. मी एका धडधाकट तलवारीला बेवारस केलंय, हारुए. ती कुणाची हे जगात एकट्या मला माहीत आहे. उद्या मी मेलो तर?"

सकाळी हारुएने त्यांचा चांगला कोट काढून ठेवला.

संत्र्यांची तोड चालू होती. बेटावर बोट लागली तेव्हा धक्क्यावर पाट्यांचा ढीग होता. ओगिनोंचं घर चढावर. दार उघडलं ते इसाबुरोंच्या विधवेने, चियोने. ऐंशीला टेकलेली, पण कंबर ताठ, बोटं संत्र्यांच्या सालीने पिवळी झालेली. तिने ओळखलं नाही, मग नाव ऐकून ओळखलं.

"तलवार विकत घ्यायला आलात का, गुरुजी? मुलाला नकोच आहे ती."

कुसाकांनी आधी देव्हाऱ्यातल्या इसाबुरोंच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. मग चियोसमोर चटईवर कपाळ टेकलं आणि तसंच वाकून सगळं सांगितलं. देवळातली पेटी, मोडलेला हात, डाव्या हाताने कोरलेलं नाव. वही उघडून ठसा दाखवला. लाल अक्षरांवर त्यांनी हात ठेवला नाही. बाईने ती वाचावीत असंच त्यांना वाटत होतं.

चियोने वाचली. मग म्हणाली, "उठा हो. मान अवघडेल." आणि थोड्या वेळाने, "मग परत कोरता येईल ना? तुमच्याकडे ठसा आहे. तंतोतंत तसंच कोरा."

"नाही येणार, वहिनी."

"का? खरंच आहे ना ते?"

"आता मी खरं नाव कोरलं तरी ते खोटंच ठरणार. नोबुहिसाच्या हाताचं होतं म्हणून ते खरं होतं. तो हात आता कुठून आणू?"

चियोने मान हलवली. तिला ते पटलं असावं, कारण तिने पुन्हा आग्रह केला नाही. ती आत जाऊन तलवार घेऊन आली आणि मांडीवर ठेवून बसली.

"होडीची गोष्ट ऐकलीत का त्यांच्याकडून कधी?" तिने विचारलं.

"नाही. सांगत होते, मी थांबवलं."

"हो, ते म्हणाले होते तसं." ती सांगू लागली. तिच्या आवाजात धार नव्हती, म्हणून ऐकणं जास्त जड गेलं. "नोबुहिसाचा हात त्याच्या लोहारभट्टीच्या कोसळलेल्या तुळईखाली चिरडला. हाडं बसवणारा वैद्य आमच्या बेटावर होता. आठ महिने लोहार हात गळ्यात बांधून ये-जा करायचा आणि यांचे पूर्वज त्याला फुकट न्यायचे. हात काही धड झाला नाही. तर त्याने ही तलवार दिली आणि म्हणाला, नाव वाईट आलंय, डाव्या हाताचं आहे, हसू नका. घरात लहान मुलांना हीच गोष्ट सांगायची पद्धत होती. मी लग्न होऊन आले त्या रात्री सासूबाईंनी मला सांगितली."

कुसाकांना वाटलं, आपण खूप लांबून काहीतरी ऐकतो आहोत. मोडलेला हात, डाव्या हाताचं नाव, सगळं त्या दिवशी त्यांच्या घरात, त्यांच्या चटईवर येऊन बसलं होतं. आणखी दोन वाक्यं ऐकली असती तर भिंगाचीही गरज नव्हती. "त्यांनी मला नंतर का नाही सांगितलं?" ते कसेबसे म्हणाले.

"तुम्ही जाणते. ते संत्रीवाले. एकदा गप्प केल्यावर पुन्हा तोंड उघडतील?"

कुसाकांनी पिशवीतून दगडी दौत आणि ब्रश काढला. पारखी माणसाने आपलं मत म्यानाच्या लाकडावर लिहून ठेवायची रीत आहे. एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं. त्यांनी लिहिलं, 'हे पातं नोबुहिसाचं. कान्एईची शेवटची वर्षं. यावर त्याने डाव्या हाताने कोरलेलं खरं नाव होतं. ते खोटं समजून मी खरवडून काढलं. चूक माझी. कुसाका तात्सुओ.' इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो म्यानांवर लिहिलं असेल, पण असं कधी नाही. माडीवरच्या कुणीही हे वाचलं तर काय म्हणेल, हा विचार मनात आला आणि त्यांनी तो येऊ दिला.

"आणि यांचं?" चियो म्हणाली.

"काय लिहू?"

"ओगिनो इसाबुरो खरं सांगत होते, असं लिहा."

त्यांनी तसं लिहिलं. शाई वाळेपर्यंत दोघं बसून राहिली. मग चियोने म्यान खिडकीकडे नेऊन एकेक अक्षर वाचलं. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली आणि परत येऊन बसली.

"दर वर्षी सणाला आम्ही पुढच्या खोलीत ही तलवार मांडायचो," ती म्हणाली. "बेटावर सगळे मांडतात, घरातलं सगळ्यात चांगलं जे असेल ते. येईल जाईल त्याला हे होडीची गोष्ट सांगायचे. तुमच्याकडून परत आले त्या वर्षापासून मांडली नाही. शेवंतीची कुंडी ठेवली. मला वाटलं, जाऊ दे, एक तलवार ती काय. मग मुलगा बेट सोडून ओसाकाला जायला निघाला. हे त्याला समजावत होते, आपलं घराणं एवढ्या पिढ्यांचं, बाग कोण बघणार. मला मुलाला जाऊ द्यायचं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, कसलं घराणं, थापाड्यांचं? गुरुजींनी दाखवून दिलंय की."

कुसाकांनी उघडी वही मिटली.

"ते काही बोलले नाहीत. जेवले आणि बागेत गेले. पुढे दहा वर्षं जगले, पण घराण्याचा शब्द पुन्हा त्यांच्या तोंडून आला नाही. नातवंडं झाली. त्यांना कधी होडीची गोष्ट सांगितली नाही. आणि मला वाटायचं, बरोबरच आहे, खोटं कशाला सांगायचं मुलांना." तिने म्यान चटईवर ठेवलं आणि प्रथमच त्यांच्याकडे सरळ बघितलं. "तुम्ही आलात, डोकं टेकलंत, लिहून दिलंत. बरं झालं. तुमचं झालं, गुरुजी. मी आता कुणापुढे जाऊन डोकं टेकू?"